कावासेमीचा ऑक्टोबर

अंबरीष शेजवलकरला टीममध्ये सगळे अंबा-सान म्हणत. शेजवलकर हे आडनाव जपानी जिभेला झेपत नाही, आणि अंबरीषमधला शेवटचा 'रीष' वाटेतच कुठेतरी गळून जातो. सुरुवातीला त्याला हा आपल्या नावाचा अपमान वाटायचा. जपानमधल्या इचिकावात अकरा वर्षं काढल्यावर मात्र हाक आली की तो मुकाट्याने ओ द्यायला शिकला होता.

टीमचं नाव कावासेमी. कावासेमी म्हणजे आपला खंड्या पक्षी. टीम म्हणजे काय, तर पाच स्वार, पाच मोटरसायकली आणि एक मॅनेजर. चिबा प्रांताच्या आतल्या भागात, भुईमुगाच्या शेतांना लागून मातीचा एक लंबगोल ट्रॅक आहे. तिथे दर रविवारी हौशी संघांची स्पीडवेची स्पर्धा चालते. या मोटरसायकलींना ब्रेक नसतो आणि गिअर एकच. चार स्वार सुटतात, प्रत्येक संघाचे दोन, आणि डावीकडे वळत वळत चार फेऱ्या मारतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला तोंडभर माती. अशा बारा शर्यती झाल्या की सामना संपला.

अंबरीष तरुणपणी पुण्यात मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचा. जपानमध्ये आल्यावर पाच वर्षांपूर्वी तो कावासेमीत स्वार म्हणून शिरला, दुसऱ्याच मोसमात गळ्याचं हाड मोडून घेतलं, आणि बायकोने, म्हणजे सुनेत्राने, हेल्मेट माळ्यावर टाकल्यावर मॅनेजर झाला. ऑफिसात तो एका विमा कंपनीची म्हातारी सिस्टिम जगवायचं काम करत असे. तिथे त्याला दिवसभरात कोणी विचारलं तर एवढंच विचारत, की कधी होईल. ट्रॅकवर मात्र निळी टोपी घालून उभा राहिला की पाच माणसं त्याच्या तोंडाकडे बघत. परक्या देशात त्याचं स्वतःचं असं एवढंच होतं, आणि ते हातचं जाण्याची भीती त्याला ऑक्टोबर उजाडताच वाटू लागली होती.

कारण नियम साधा होता. लीगमध्ये सहा संघ, आणि जो शेवटचा येईल त्याची जागा पुढच्या वर्षी नव्या संघाला. यंदा साईतामाचा एक तरणाबांड संघ दार ठोठावतच होता. कावासेमी तळाला दुसऱ्या एका संघासोबत बरोबरीत. ऑक्टोबरमध्ये चार रविवार, चार सामने. त्यातले दोन जिंकले तर टीम राहणार, नाहीतर संपली. नुसती खालच्या वर्गात नाही, संपलीच. खालचा वर्ग नव्हताच.

पहिला रविवार सुरेख गेला. कॅप्टन कुरिबायाशी-सान बासष्ट वर्षांचे, इचिकावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे, बुटके आणि कमी बोलणारे. सामन्याआधी त्यांनी ट्रॅकवर गुडघे टेकले, मूठभर माती उचलली, खिशातली जुनी वही उघडली आणि म्हणाले, "शेहेचाळीस." म्हणजे मागच्या चाकाला शेहेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चक्र. एकच गिअर असल्यामुळे सगळा खेळ या दात्यांवर. माती ओली आणि जड असेल तर जास्त दाते लागतात, नाहीतर वळणातून बाहेर पडताना गाडीचा दम निघतो. सुकी आणि गुळगुळीत असेल तर कमी, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. शेहेचाळीस बसवलं आणि कावासेमीने चाळीस-बत्तीसने सामना मारला. कुरिबायाशी आपल्या वाट्याच्या सहापैकी पाच शर्यतींत पहिले.

इथेच आमच्या पुणेकराच्या डोक्यात किडा वळवळला. सगळी टीम एका म्हाताऱ्याच्या वहीवर चालते, हे काय? उद्या वही हरवली तर? त्याने कुरिबायाशींकडून वही मागून घेतली. चौदा वर्षांच्या नोंदी होत्या: तारीख, माती कशी, हवा कशी, दाते किती. प्रत्येक पानाचा फोटो काढला, सुनेत्राला बाजूला बसवून तिच्याकडून अक्षरं वाचून घेतली, कारण तिचं जपानी त्याच्यापेक्षा चांगलं, आणि सगळं कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये घातलं. ट्रॅकची स्थिती निवडली की आकडा समोर. पुढच्या शनिवारी त्याने वही दोन्ही हातांनी, रीतसर वाकून परत केली आणि म्हणाला, "धन्यवाद. आता हिची गरज पडणार नाही."

कुरिबायाशींनी वही घेतली, वाकले आणि म्हणाले, "फार कष्ट घेतलेत."

दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. माती शिऱ्यासारखी जड. अंबरीषने फोनवर शीट उघडलं, 'जड' निवडलं, आकडा आला चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस?" कुरिबायाशींनी विचारलं.

"चव्वेचाळीस. तुमच्याच चौदा वर्षांचा डेटा आहे."

कुरिबायाशींनी क्षणभर फोनकडे पाहिलं, अंबरीषकडे पाहिलं, आणि पाना उचलून चव्वेचाळीस बसवायला बसले.

सामना पंचेचाळीस-सत्तावीसने हरले. वळणातून बाहेर पडताना गाड्या चढावरच्या बैलगाडीसारख्या कुथत होत्या. निशिओ-सान नावाची नर्स त्यांची सगळ्यात वेगवान स्वार, तीसुद्धा चार वेळा शेवटची आली. आणि टीममधला दुसरा मराठी माणूस, अंबरीषच्या ऑफिसातला पियुष, राखीव खेळाडू म्हणून कठड्यावर बसून ओरडत होता, "दादा, गाड्यांना पिकअपच नाहीये ओ!" अंबरीषला दिसत नव्हतं असं नाही. पण शीट चुकेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. आपला तो बाब्या.

सामन्यानंतर नेहमीप्रमाणे हानसेइकाइ झाली. हा जपानी लोकांचा लाडका प्रकार. काम संपलं की सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आपलं काय चुकलं ते एकेकाने सांगायचं. त्या दिवशी कुरिबायाशी सगळ्यांच्या आधी बोलले. टोपी काढली, कमरेत वाकले आणि म्हणाले, "आजची हार माझ्यामुळे झाली. कॅप्टन म्हणून मी कमी पडलो. माझ्या हाताला पूर्वीसारखी पकड राहिली नाही. सगळ्यांची माफी मागतो."

कुरिबायाशी वाकलेलेच होते. अंबरीषला वाटलं, काय दिलदार माणूस! पुण्यात एखाद्या कॅप्टनने असं कबूल केलं असतं? तिथे नाचता येईना अंगण वाकडं. त्याने खिशातून छोटी डायरी काढली आणि ऑफिसच्या सवयीने लिहिलं: मूळ कारण, कॅप्टनची पकड. उपाय, विश्रांती. त्यानंतर निशिओ म्हणाली, माझी सुरुवात संथ होती; आणखी एकजण म्हणाला, माझी नजर हलली. अंबरीषने तेही लिहून घेतलं. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांनी मोकळेपणाने सांगितलंत, मला आनंद झाला. आपण यातून मार्ग काढू."

मार्ग त्याने मंगळवारी काढला. कुरिबायाशींच्या दुकानात फोन करून म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, पकड राहिली नाही. या रविवारी थोडी विश्रांती घ्या. तुमच्या जागी पियुषला खेळवतो." पलीकडे कोणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. मग कुरिबायाशी म्हणाले, "समजलं." एवढंच. ना राग, ना रुसवा. अंबरीष खूश झाला. तक्रार न करणारा माणूस मॅनेजरला फार आवडतो.

पियुषची मात्र तंतरली. "दादा, मी? मी प्रॅक्टिसमध्ये दोनदा पडलोय! कुरिबायाशी-सानना काय झालं?"

"त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"कबूल म्हणजे... ते तर सगळेच म्हणतात ना. मीपण ऑफिसात रोज सुमिमासेन, माफ करा म्हणतो, म्हणून काय मी रोज चुकतो?"

"तू चुकतोसच," अंबरीष म्हणाला आणि विषय संपवला.

तिसऱ्या रविवारी आठवडाभराचं ऊन खाऊन ट्रॅक फरशीसारखा झालेला. शीट म्हणालं सत्तेचाळीस. सत्तेचाळीस बसवलं. सुटतानाच चाकं भिरभिरली, गाड्या जागेवर माती उडवत राहिल्या आणि समोरचे वळणापलीकडे गेलेसुद्धा. पियुष दुसऱ्या शर्यतीत पडला, चौथ्या शर्यतीत पडला, आणि सहावीत पडला नाही याचंच सगळ्यांनी कौतुक केलं. अठ्ठेचाळीस-चोवीस. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे तळाचा दुसरा संघ नेमका त्याच दिवशी जिंकून पुन्हा बरोबरीला आला. आता शेवटचा सामना हरून चालणार नव्हतं, आणि तोही त्याच संघाशी होता. सामना बरोबरीत सुटला तर आधीच्या गुणांमुळे कावासेमी वर राहणार होती, एवढाच दिलासा.

कुरिबायाशी त्या दिवशीही सकाळी सहाला ट्रॅकवर हजर होते. खेळायचं नव्हतं तरी. दर शर्यतीनंतर लांब दांड्याचं दाताळं घेऊन वळणावरची माती सारखी करत होते. अंबरीषला त्यांच्याकडे बघून उगाच चिडल्यासारखं झालं. हे गप्प, निशिओ गप्प, सगळे गप्प. चूक कुठे आहे हे कोणी सांगेल तर शपथ! घरी येताना ट्रेनमध्ये तो पियुषवर, ट्रॅकवर, चिबाच्या मातीवर आणि हेल्मेटच्या कंपनीवर चिडला. स्वतःवर चिडायचं तेवढं राहिलं.

बुधवारी शेवटच्या सामन्याची यादी देण्याची मुदत होती. त्याने पियुषला पुन्हा मुख्य चारांत आणि कुरिबायाशींना राखीव असं लिहून पाठवलं. राखीव खेळाडूला सहाऐवजी दोनच शर्यती मिळतात. निर्णय घेतला की मागे फिरायचं नाही, हे त्याने ऑफिसात पोस्टरवर वाचलं होतं.

गुरुवारी जेवताना त्याने सुनेत्रापुढे हे सगळं ओकलं. सुनेत्रा एका पाळणाघरात मदतनीस होती. ती पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"पहिल्यांदा हरलात त्या दिवशी सगळ्यांत आधी कोण बोललं?" तिने विचारलं.

"कुरिबायाशी-सान. का?"

"मग त्यांची चूक नव्हती."

"म्हणजे?"

"अरे, आमच्याकडे गेल्या महिन्यात एक पोरगी घसरगुंडीवरून पडली. पहिल्यांदा मुख्य बाई म्हणाल्या, माझं लक्ष कमी पडलं. त्या तेव्हा इमारतीतसुद्धा नव्हत्या! मग मी म्हणाले, माझं. मग जिने हात सोडला होता ती रडत रडत म्हणाली, नाही, माझं. इथे ज्याची चूक नसते तो मोठा माणूस आधी बोलतो. म्हणजे ज्याची असते त्याला बोलणं सोपं जातं. तू काय केलंस, लिहून घेतलंस?"

अंबरीषने भात कालवायला घेतला.

"आणि दुसऱ्या रविवारी काय बसवलंत? जड मातीला?"

"चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस?" सुनेत्राने तुकडा ताटात ठेवला. "मी तुला वाचून दाखवलंय अंबरीष. जड माती, सत्तेचाळीस. जड माती, सत्तेचाळीस. चार पानं तेच होतं, मला कंटाळा आला होता."

त्याने ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला. एका बाजूला वहीचे फोटो, एका बाजूला शीट. पाच मिनिटं लागली. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावावेत म्हणून त्याने दात्यांचा रकाना निवडून सॉर्ट केला होता. बाकीचे रकाने सोबत हलवायचे का, असं शीटने विचारलंही होतं. त्याने घाईत 'नको' म्हटलं होतं. त्यामुळे तारखा जागच्या जागी, माती जागच्या जागी, आणि दाते मात्र भलत्याच्याच शेजारी जाऊन बसलेले. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यातल्या पोरासारखी चूक केली होती, आणि त्यापायी एका म्हाताऱ्याला बाकावर बसवलं होतं.

"आत्ता फोन कर त्यांना," सुनेत्रा म्हणाली.

"करतो," तो म्हणाला आणि केला नाही. खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागे एक हिशेबी विचारही होता. आकडा गुपचूप दुरुस्त करू. जिंकलो तर कोण विचारतंय? टीम राहील, पुढच्या मोसमात कुरिबायाशी पुन्हा कॅप्टन, सगळं आलबेल. शुक्रवारी त्याने आयोजकांना यादी बदलता येईल का असं विचारून पाहिलं. उत्तर अतिशय नम्र होतं आणि त्यात चार वेळा माफी मागितलेली होती. थोडक्यात, नाही.

चौथ्या रविवारी पहाटे सर येऊन गेलेली, माती जड. अंबरीष फोनकडे न बघता म्हणाला, "सत्तेचाळीस."

कुरिबायाशी पाना घेऊन बसलेच होते. त्यांनी वर पाहिलं. "सत्तेचाळीस," ते म्हणाले आणि थांबले. थोडा जास्तच वेळ थांबले. अंबरीषने चेन ताणून बघायचं नाटक केलं. मग ते कामाला लागले.

काय सामना झाला! गाड्या वळणातून सुटत होत्या त्या बंदुकीच्या गोळीसारख्या. निशिओ सहापैकी चारदा पहिली. कुरिबायाशींना दोन शर्यती मिळाल्या, दोन्ही त्यांनी आतली कड धरून, मागचं चाक अलगद सरकवत जिंकल्या. त्यांच्या पकडीला काहीही झालेलं नव्हतं, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. अकराव्या शर्यतीनंतर तेहतीस-तेहतीस. शेवटच्या शर्यतीत कावासेमीकडून एक स्वार आणि पियुष. कुरिबायाशींच्या दोन शर्यती संपलेल्या. ते कठड्याला हात टेकून उभे होते, हेल्मेट अजून डोक्यावरच.

पियुषने जीव तोडून गाडी हाणली. तिसऱ्या फेरीपर्यंत तो दुसरा होता, त्याचा जोडीदार चौथा. तसंच राहिलं तर सामना दोन गुणांनी हुकणार होता. पियुषने पहिल्याला मागे टाकलं तर बरोबरी होणार होती, आणि बरोबरीत टीम वाचत होती. शेवटच्या वळणावर त्याने बाहेरून घेतलं, एक क्षण दोन्ही गाड्या एका रेषेत आल्या, अंबरीषच्या तोंडून "मार!" अशी मराठी आरोळी निघाली, आणि समोरचा अर्ध्या चाकाने पुढे राहिला. सदतीस-पस्तीस.

टीम संपली.

मंडप आवरायच्या आधी सगळे गोल उभे राहिले. अंबरीष कुरिबायाशींनी सुरुवात करण्याची वाट पाहू लागला. कुरिबायाशींनी टोपी काढली, हातात धरली आणि काहीच बोलले नाहीत. पलीकडे जिंकलेले लोक फोटो काढत होते. पियुष मातीने माखलेला, डोळे पुसत होता. निशिओ बुटांकडे बघत होती. कुरिबायाशी समोर बघत होते.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. अंबरीषला त्या दिवशी शब्द नसल्याचा मार बसला.

"माझी चूक," तो म्हणाला. "ही हार माझ्यामुळे. आधीच्या दोन्हीसुद्धा."

"नाही, नाही," निशिओ लगेच म्हणाली, "पाचव्या शर्यतीत मी उशिरा सुटले."

"शेवटचं वळण माझं होतं," पियुष जपानीत पुटपुटला.

"मी दोनदा चौथा आलो," त्याचा जोडीदार म्हणाला.

गोल फिरू लागला. अंबरीषच्या खऱ्याखुऱ्या कबुलीला सगळे सौजन्य समजून सौजन्याने उत्तर देत होते. पाच वर्षांत तो पहिल्यांदा या रिंगणात खरं बोलला होता आणि कोणाला ते खरं वाटत नव्हतं. त्याच्या डोक्याची शीर तडकली.

"नाही!" तो ओरडला. जपानीत असं ओरडत नाहीत. "मी बोलायचं म्हणून बोलत नाहीये! मी आकडे उलटेपालटे केले. चव्वेचाळीस चुकीचं होतं, मागच्या रविवारचं सत्तेचाळीस चुकीचं होतं. मला गुरुवारीच कळलं आणि मी लपवलं. हे बघा!" त्याने फोन कुरिबायाशींपुढे धरला.

कुरिबायाशींनी फोनकडे पाहिलं नाही. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"चव्वेचाळीस बसवताना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की," कुरिबायाशी शांतपणे म्हणाले. "त्याच दिवशी. सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या आधी. माझी चूक म्हणालो. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, नाही, माझी. मग आपण आकडा बदलू. मी वाकून वाट पाहिली. तुम्ही डायरी काढलीत."

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पुढच्या रविवारीही आलो. म्हटलं, आज बोलतील. आज सकाळीही थांबलो."

अंबरीष कमरेत वाकला, जितकं वाकता येतं तितका. समोर फक्त कुरिबायाशींचे बूट आणि त्यावरची ओली माती दिसत होती. बासष्टाव्या वर्षी हा माणूस आता कुठल्या संघात जाणार होता? शेवटच्या दोन सामन्यांत मिळून त्याला दोनच शर्यती मिळाल्या होत्या. दोन्ही सामने पूर्ण खेळू दिले असते तर... पण आता उशीर झाला होता.

"माझीच चूक," तो जमिनीकडे बघत म्हणाला. आता तो उत्तराची वाट पाहत होता. नाही, नाही, आमचीही. तसंच म्हणतात इथे. तसं म्हटलं असतं तर त्याला वर बघता आलं असतं.

"हो," कुरिबायाशी म्हणाले. "तुमचीच."

त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला सरळ उभं केलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि मंडपाचा खुंटा उपटायला गेले. थोड्या वेळाने अंबरीषही दुसरा खुंटा उपटायला गेला.